चाव्यांची घागर

पुनीयाडीच्या पंक्चरच्या दुकानात शर्यत पाहायला जायचं तर आधी गाडीची चावी काढून द्यावी लागे. पितळेची घागर मांडीवर घेऊन ती दारातच बसलेली असे. चावी आत पडल्याशिवाय आमदाराच्या पोरालाही प्रवेश नव्हता. "चाबी टाक, मंग तोंड दाखव," हाच तिचा रामराम. एकदा घाटंजीच्या एका शहाण्याने गाडीऐवजी घराच्या कुलपाची किल्ली घागरीत टाकली. तिने ती बाहेर काढली, नीट पाहिली, त्याच्या तळहातावर परत ठेवली आणि दुसऱ्या हाताने त्याच्या कानाखाली जाळ काढला. मग म्हणाली, "आता खरी टाक."

पांढरकवड्याबाहेर, हैदराबादकडे जाणाऱ्या हायवेला लागूनच तिचं टिनाचं दुकान. नवरा ट्रक घेऊन दक्षिणेत गेला तो तिकडेच राहिला. पुनीने रडारड केली नाही. त्याचीच अवजारं उचलली आणि ट्रकची चाकं उतरवायला लागली. अंगात आरसे लावलेली बंजारा चोळी, कांचळी, आणि हातात टायर उचकटायची लोखंडी टॉमी, असं हे ध्यान पहिल्यांदा पाहणारा ड्रायव्हर दचकायचाच. तांड्यातले सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. आम्ही गावातली पोरंही तेच म्हणायला शिकलो. "आमचे बापदादे बैलायवर मीठ लादून याच रस्त्यानं जात," ती सांगायची. "माहा पोरगा बिनामिठाचा जाते, पन लय जोरात जाते."

हा पोरगा म्हणजे कैलास, माझ्या वर्गातला. गिऱ्हाइकाची गाडी ट्रायलला नेतो म्हणून जायचा आणि थेट केळापूरला चक्कर मारून यायचा. आईचा मार खायचा, पुन्हा जायचा. पुढे नागपूरच्या एका गॅरेजवाल्याने त्याला हेरलं आणि देशपातळीवरच्या मोटारसायकल शर्यतींत उतरवलं. मग काय! दरवर्षी सीझनची पहिली फेरी दक्षिणेतल्या ट्रॅकवर सुरू झाली, की त्या रविवारी दुपारी आर्णी-घाटंजीपासूनचे पोट्टे याडीच्या दुकानात जमायचे. टिनाच्या भिंतीवर मोठा टीव्ही, बसायला जुने टायर, आणि बाहेर बिनचावीच्या गाड्यांची रांग.

चाव्यांची भानगड सुरू झाली त्याला कारण होतं. सुरुवातीच्या वर्षी शर्यत संपताच दोन पोरं त्याच धुंदीत हायवेवर सुटली आणि कंटेनरखाली गेली. याडीने आपल्या गोधडीत दोघांना गोळा केलं. एकाचा बूट नंतर तुरीच्या शेतात सापडला, आणि तो रिकामा नव्हता. त्यानंतर घागर आली. "पाह्यलेली गाडी डोक्यात पळून राह्यते बापा," ती म्हणायची. "ते थांबू द्या. चहा प्या. मंग चाबी मागा." चहा पिऊनही ज्याचे डोळे लाल दिसत, त्याला ती दुसरा चहा पाजायची.

ही बाई शांत होती असं मात्र कुणी समजू नये. शर्यत पाहताना ती सगळ्यात जहाल. कैलासला कुणी आडवं आलं की टॉमीने टायर बडवायची, टीव्हीतल्या माणसाच्या सात पिढ्या काढायची. शेजारी बसणाऱ्याच्या मांडीवर तिच्या थपडांचे निळे वळ उठायचे. आमच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीतले, मीही पंचायत समितीत कारकून. आई म्हणायची, "रविवारी कुठे मार खाऊन येतोस रे?"

खरा मार खाल्ला तो गेल्या वर्षी.

त्या दिवशी गर्दी इतकी, की मला मागे कंप्रेसरजवळ उभं राहावं लागलं. पुढे नुसती डोकी. शेवटी मी कानात इअरफोन घातले आणि मोबाइलवर शर्यत लावली. माझं नेटवर्क रखडत होतं. टीव्हीवर जे घडून जायचं ते माझ्या हातात अर्ध्या मिनिटाने घडायचं, आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

शेवटचा राउंड. कैलास दुसरा, पुढे निळ्या गाडीवाला. टीव्हीवर कैलासने त्याला मागे टाकलं, दुकान दणाणलं. लांब सरळ पट्टा संपून पुढचं वळण आलं आणि निळ्याने आत घुसून धडक दिली. कैलास उडाला, त्याची गाडी उलटीपालटी होत त्याच्याच अंगावर आली. "मारो छोरा! माहा पोरगा!" याडी ओरडली.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझ्या मोबाइलमध्ये कैलास आत्ता कुठे निळ्याला मागे टाकत होता. मी टायरच्या थप्पीवर चढलो, शिट्टी मारली, टाळ्या पिटल्या आणि बोंबललो, "शाब्बास रे पठ्ठ्या! अस्सं पाहिजे!"

सगळी डोकी एकदम माझ्याकडे वळली. पहिली थप्पड याडीची. इअरफोन उडाला आणि डाव्या कानात जी शिट्टी सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. मग बाकीचे तुटून पडले. "अबे, आपला पोट्टा मरून राह्यला अन् हा टाळ्या पिटून राह्यला!" आर्णीचा मुन्ना ओरडला. त्याने दुकानातली गाडीची जुनी चेन उचलली. पाठीवर, बरगड्यांवर, तोंडावर, जिथे जागा मिळेल तिथे बसत होतं. माझा एक दात मी जमिनीवर पाहिला. ज्यांच्यासोबत मी इतकी वर्षं वडापाव वाटून खाल्ला तीच ही पोरं. मला राग यायलाही वेळ मिळाला नाही, नुसती भीती वाटली.

माझा मोबाइल याडीच्या हातात गेला होता. आपटायला म्हणून तिने तो वर उचलला, आणि तिचा हात तिथेच थांबला. त्यात कैलास अजून पुढे होता. गाडीवर होता. ती पडद्याला डोळे लावून राहिली.

"हा तं पडलाच नाय अजून," ती म्हणाली.

आणि तिच्या हातातच तो पुन्हा पडला. आईने आपल्या पोराला एका दुपारी दोनदा पडताना पाहिलं. दुसऱ्यांदा ती ओरडली नाही. तिला सगळं कळलं होतं. मी का नाचलो तेही, आणि तिने कुणाला मारलं तेही.

"सोडा त्याले! त्यानं कैलाससाठी टाळी वाजवली!" ती गरजली. पण ऐकतो कोण? रक्त दिसलं की पोरांना थांबता येत नाही. मग तिने टॉमी फिरवली. दोघे कळवळत बाजूला झाले. माझी मानगूट धरून तिने मला मागच्या खोलीत ढकललं, बाहेरून कडी घातली आणि मांडीवर घागर घेऊन दारात बसली. टिनाच्या फटीतून मला तिची पाठ दिसत होती.

"याडी, बाजूले हो. आज हा जित्ता जात नाय," मुन्ना म्हणाला.

"ये. पह्यले मले मार."

आणि त्याने मारलं. खरंच मारलं. लोखंडी पान्हा तिच्या मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी आत ऐकला. याडीने घागर सोडली नाही. उरलेल्या हाताने टॉमी त्याच्या नडगीवर घातली, तो लोळत गेला. टिनावर दगड पडू लागले. एक दगड तिच्या कपाळावर फुटला. ती हलली नाही.

तेवढ्यात खोलीतल्या खाटेवर तिचा फोन वाजला. दक्षिणेतून होता. तिला उठता येत नव्हतं, म्हणून मीच उचलला. टीमचा माणूस बोलत होता. माझ्या तोंडात रक्त होतं, तरी मी टिनाला तोंड लावून ओरडलो, "याडी, कैलास जिवंत आहे! मांडी मोडली आहे, पण शुद्धीवर आहे. बोलतो आहे!"

बाहेरचे दगड थांबले.

"पुन्ना सांग," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. तिने तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग डोळ्यांत उतरलेलं रक्त पदराने पुसून तिने घागरीत हात घातला. "गोलू, इकडे ये. चाबी घे अन् सीधा घरी जाय. पवन, तुही माय वाट पाहून राह्यली." एकेकाला नावाने बोलावत, चावी देत तिने सगळं दुकान रिकामं केलं. चावीशिवाय जाणार कुठे? सगळ्यांची गावं लांब. मुन्नाला मात्र तिने शेवटपर्यंत बसवून ठेवलं आणि त्याच्याच हातून चहा करून घेतला. शेवटची चावी गेल्यावरच माझी कडी निघाली. माझ्या सुजलेल्या तोंडाकडे पाहून ती म्हणाली, "हात माहाच होता रे बाबू, पह्यला." आणि तेव्हा ती रडली. मीही रडलो, लपवून काय करू!

यंदा पहिल्या फेरीला कैलास पुन्हा उतरणार होता, मांडीत सळई घेऊन. मी जाणार नव्हतो. आईने शपथ घातली होती. पण सकाळीच याडीचा निरोप आला: "मोबाइल घेऊन ये."

गेलो. दारात घागर होती, मागे वाकडं मनगट. मी चावी टाकली. मुन्ना माझ्याकडे न बघता टायर सरकवून गेला. याडीने मला शेजारी बसवलं, माझा मोबाइल लावायला सांगितला आणि टीव्हीकडे पाठ केली.

"याडी, यात उशिरा दिसतं. टीव्हीवर बघ ना," मी म्हणालो.

"माहीत हाय मले," ती म्हणाली. "थ्या मोठ्या टीव्हीवर व्हायचं ते होऊन जाते. याच्यात माहा पोरगा उलसाक जास्त येळ गाडीवर रायते."

शेवटच्या राउंडला मागून सगळं दुकान एकदम ओरडलं. आनंदाने की कशाने, मी मान वर केली नाही. माझ्या दंडावर तिचा वाकड्या मनगटाचा हात घट्ट आवळलेला होता. तीही वळली नाही. तिच्या समोर कैलास अजून गाडीवर होता.