अमावस्येला सुधारलेला कॉम्प्युटर

साळवे सर कॉम्प्युटरला वर्गातल्या पोरासारखं उभं करत. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी चूक उमटली की चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "हं, सांग. कुठं अडलं?" पडद्यावर बहुधा 'अज्ञात बिघाड' अशा अर्थाचं वाक्य असे. मग सर माझ्याकडे वळत. "बघा शिंदे, ह्याला स्वतःला ठाऊक नाही काय झालंय, आणि खाली 'ठीक आहे'चं बटण देतोय. हेडमास्तर व्हायच्या लायकीचा आहे."

श्रीरामपूरच्या एकाच शाळेत ते भूगोल शिकवत आणि मी इतिहास. घरंही शेजारी. कुणी काहीही ठामपणे सांगितलं की सरांचा प्रश्न ठरलेला: "पाहिलंय कुणी?" स्नेहसंमेलनात एक पाहुणे 'मी रोज पहाटे चारला उठतो' म्हणाले, तेव्हाही पहिल्या रांगेतून हाच प्रश्न आला. पाहुण्यांचं उरलेलं भाषण लवकर आटोपलं.

निवृत्तीनंतर, नव्वदचं दशक संपत आलं असताना, सरांनी पुण्यातल्या एका बंद पडलेल्या कचेरीतून जुना कॉम्प्युटर विकत आणला. तो बरेच महिने फक्त पत्ते खेळायच्या कामी आला. त्याला खरं काम पडलं ते सुजातामुळे.

सुजाता ही त्यांची मुलगी, मस्कतला नर्स. तिची ई-मेल यायची पंकजच्या दुकानात. पंकज कॉम्प्युटर क्लास चालवायचा, उन्हाळ्यातही टाय लावायचा. सरांचं खातं त्यानंच उघडलं होतं आणि पासवर्डही त्याच्याच डोक्यात. सर भाजी घेत असले की हा मोटारसायकल थांबवून बातमी द्यायचा. "सर, ताईला नाईट ड्युटी लागली. लई हाल हायेत. मी रिप्लाय टाकलाय, तब्येतीला जपा म्हणून."

"माझ्या वतीनं?"

"मंग! तुमी कुठं सापडत व्हता?"

एका रविवारी सुजाताचा फोन आला. फोन बैठकीत, आणि सरांच्या बैठकीत कायम कुणीतरी बसलेलं. ती म्हणाली, "बाबा, एक गोष्ट विचारायची आहे. फोनवर नको, आणि पंकजच्या दुकानात तर नकोच. टपालानं पत्र यायला तीन आठवडे लागतील, मला तुमचं उत्तर लवकर हवंय." सर नुसतं "बरं" म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा टाकला.

घरी इंटरनेट घ्यायचं तर कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीची नवी आवृत्ती टाकावी लागणार होती, आणि तिची सीडी होती पंकजकडे. तो आला गुरुवारी, मुहूर्त बघून. नारळ फोडला, सीडी घातली. काम किती झालं ते दाखवणारी निळी पट्टी निम्म्यावर गेली आणि पडदा काळा झाला. जुनं पुसलेलं, नवं आलेलं नाही. पंकजनं फ्लॉप्या घालून जुनंच पुन्हा बसवलं आणि पुढचा गुरुवार दिला.

मधल्या दिवसांत सरांनी निदानं केली. ती सगळी चुकीची निघाली. सीडी स्पिरिटनं पुसली. आतली मेमरीची पट्टी काढून शाळेच्या खोडरबरानं घासली. जागा कमी पडत असेल म्हणून पत्त्यांचा खेळ उडवला. हा त्याग सरांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, फार आवडला. पुढच्या गुरुवारी निळी पट्टी पुन्हा निम्म्यावर मेली. त्याच्या पुढच्या गुरुवारीही.

"मशीन म्हातारं झालंय, सर," पंकज म्हणाला.

"मीही झालोय. मला नवीन गोष्टी कळतात."

"मंग पुढच्या गुरुवारी बघू. उद्या तर जमनारच न्हाई, अमावस्या हाय."

"मग उद्याच," सर म्हणाले. "आमच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच अमावस्या सोडली, पौर्णिमा तेवढी ठेवली. सीडी ठेवून जा."

पंकज सीडी ठेवून गेला, पण चेहरा असा की यंत्राचं शेवटचं दर्शन घेतोय.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघेच. पट्टी निम्म्यावर आली आणि पुढे सरकली. सर मात्र पडद्याकडे बघतच नव्हते. ते खिडकीशी उभे होते.

"शिंदे, काही ऐकू येतंय?"

"नाही."

"तेच. गिरणी बंद आहे."

अंबादासची पिठाची गिरणी भिंतीला भिंत लागून. ती सुरू झाली की गल्लीतले दिवे मंद व्हायचे, सरांचा स्टॅबिलायझर टकटक करायचा. तेवढी वीज फ्लॉपीला पुरायची, सीडी फिरवायला कमी पडायची. आम्हाला त्याची इतकी सवय की त्यात बिघाड असेल असं वाटलंच नाही. गुरुवारी गिरणीवर रांग असायची. अमावस्येला कुणी दळण टाकत नसे, म्हणून अंबादास सुट्टी घ्यायचा. रात्री करून बघावं, तर पंकज दिवेलागणीनंतर यंत्राला हात लावत नसे.

सरांनी हे गल्लीत ज्याला त्याला समजावलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गिरणीचा भाग वगळून बाकीचं लक्षात ठेवलं. महिनाभरात पंकज सगळ्या गावाचे कॉम्प्युटर अमावस्येला दुरुस्त करू लागला, नारळ दोन. अंबादासची गिरणी ज्या वस्तीत नव्हती तिथेसुद्धा. आयुष्यभर अंधश्रद्धेशी भांडलेल्या माणसानं गावाला एक नवी करकरीत अंधश्रद्धा दिली. पुढे सर गेले, तेव्हा शोकसभेत पंकजनं त्यांना अमावस्येची सिद्धी असल्याचं गहिवरून सांगितलं.

पण मला आठवते ती त्या अमावस्येनंतरची संध्याकाळ. सरांनी पंकजकडून पासवर्ड काढून घेऊन तो बदलला होता आणि फोनच्या बूथवरून सुजाताला कळवलं होतं, "आता लिही." तिची ई-मेल आली तेव्हा मी बैठकीत होतो. सरांनी कॉम्प्युटर असलेल्या आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि काकूंना आत बोलावलं. पुन्हा दार लागलं. मग एका बोटानं टाइप करण्याचा आवाज येत राहिला, मध्ये थांबत, पुन्हा सुरू होत.

सर बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा. तीन गुरुवार त्यांच्या शेजारी बसून काढलेले, तेवढ्या हक्कानं मी विचारलं, "काय म्हणते सुजाता?"

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शिंदे, ते तुम्हाला कळू नये म्हणून तर एवढी खटपट केली."