कुंपणापाशी काही मिळणार नाही

माझ्या दादाच्या हातून आयुष्यात एकच मोठी चूक झाली, आणि तीही चांगुलपणातून. त्याने कुंपणाच्या खांबाला एक पत्र्याचा डबा टांगला.

दादा घोडेस्वारीच्या शाळेत मोतद्दार होता. घोड्यांना खरारा करायचा, खूर साफ करायचे, शिकाऊ मंडळींनी वाट्टेल तसे लगाम ओढले की वैतागलेल्या जनावरांची समजूत काढायची, हे त्याचं काम. शाळेने दोन म्हातारे घोडे काढून टाकायचं ठरवलं तेव्हा त्याने ते घरी आणले. घरी म्हणजे घरामागच्या भाड्याच्या कुरणात. एक तपकिरी, पोट सुटलेला. त्याचं नाव ढब्बू. दुसरी पांढरट घोडी, येणाऱ्याजाणाऱ्याकडे अशी बघायची की आपण गृहपाठ केलेला नाही हे हिला कळलंय असं वाटावं. तिला सगळे मास्तरीण म्हणायचे.

कुरणाच्या कडेने सार्वजनिक पायवाट जाते. एका बाजूला आमचं लाकडी कुंपण, दुसऱ्या बाजूला कारखान्याची भिंत, मध्ये दोन माणसं अंग चोरून जातील एवढीच जागा. बसथांब्यावरून दवाखान्याकडे जाणारे सगळे तिथूनच जातात. दादा रोज सकाळी डब्यात गाजराचे तुकडे टाकायचा आणि वर पाटी होती, 'घोड्यांना द्या. हात सपाट ठेवा.' पाच वर्षं अख्खी वस्ती घोड्यांना गाजरं चारत दवाखान्यात जात होती. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचं काम करतो, पण मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग दादा गेला. सकाळी घोड्यांच्या शेडमध्ये जरा टेकतो म्हणून खाली बसला, तो उठलाच नाही.

वहिनी पडदे शिवते. पुढच्या खोलीत तिचं मशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे, आणि पायाखाली हमखास टोचणाऱ्या टाचण्या. पूर्वी मशीनच्या आवाजावर तिचा आवाज चढलेला असायचा. "लग्न माझ्याशी केलंत आणि संसार तबेल्यात थाटलात," असं ती दादाला दिवसातून एकदा तरी ऐकवायची. घोड्यांशी मात्र तिची गट्टी कधी जमली ते तिलाही कळलं नाही. ती मागे कपडे वाळत घालायला आली की मास्तरीण कुरणाच्या पार दुसऱ्या टोकावरून यायची आणि तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी राहायची. "सरक गं, केवढा भार तुझा," असं वहिनी म्हणायची आणि स्वतः काही सरकायची नाही.

दादा गेल्यावर ती रडली नाही. भेटायला येणाऱ्यांना तीच पाणी द्यायची, तीच "बसा" म्हणायची. ठरलेल्या तारखांना पडदे शिवून द्यायची. चहा गाळताना खाली कप ठेवायचा राहिला हे ओटा भरून वाहायला लागल्यावर तिच्या लक्षात यायचं, मग शांतपणे पुसून घ्यायची. मला तिचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. एकदा न राहवून मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला काही वाटत नाही का हो?"

"नाही हो भाऊजी," ती म्हणाली. "आत काही हलतच नाही." आणि सुईत दोरा ओवायला लागली.

डबा रिकामा झाला. पण वस्तीला आमची दया आली. दादाच्या आठवणीने जो तो पिशवीतून काहीबाही आणायचा. पाव, बिस्किटं, साखर, एका गृहस्थाने तर खोकल्याच्या गोळ्या. घोड्यांची चंगळ झाली आणि त्यांना माज चढला. आता ते कुंपणावरून अर्धे बाहेर यायचे, हातातल्या पिशव्या ओढायचे, कुणाचा खिसा फाडायचे. ज्याच्याकडे काही नसेल त्याला ढब्बू दात लावायचा. शेवटी दवाखान्यातून परत येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंची पिशवी त्याने हिसकली, बाई भिंतीवर आपटल्या आणि त्यांचं मनगट मोडलं.

आठ दिवसांत नगरपालिकेचं पत्र आलं. सहा आठवड्यांनी निरीक्षक पाहणीला येतील. तोवर घोड्यांचा उपद्रव थांबला नाही तर ते कायमचे हलवावे लागतील. कुंपण मागे घ्यायला कुरणाचा मालक तयार नव्हता. आणि बिनकामाचे म्हातारे घोडे हलवायचे म्हणजे कुठे, ते दादाने आम्हाला एकदा सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी तो जेवला नव्हता.

"ह्यांनी आणलेत," वहिनी पत्राची घडी घालत म्हणाली. "जायला नकोत." पडद्याचं माप सांगावं तशी म्हणाली.

तिनेच घोडेस्वारीच्या शाळेतल्या तबेलेबाईंना बोलावून घेतलं. बाई दादाच्या वरिष्ठ, आयुष्य घोड्यांत गेलेलं. त्यांनी कुंपणाशी अर्धा तास उभं राहून दोघांचे प्रताप पाहिले, स्वतःची टोपी ढब्बूच्या तोंडातून सोडवून घेतली आणि सगळ्यात आधी तो डबा खांबावरून काढून टाकला.

"घोडा वाईट नाही, त्याला सवय लागलीये," त्या म्हणाल्या. "माणूस दिसला की काहीतरी मिळतं, एवढंच ह्यांना माहितेय. ते पुसून टाकायचं. सहा आठवडे कुंपणापाशी काही म्हणजे काही मिळणार नाही. खाणं नाही, हात नाही, शब्द नाही, रागावणंसुद्धा नाही. रागावलात तरी त्यांना ते लक्ष दिल्यासारखंच वाटतं. दाणापाणी पार मागच्या शेडमध्ये ठेवायचं आणि ते यायच्या आत निघायचं. पिशव्या घेऊन, छत्री घेऊन, कागद वाजवत येजा करायची, दिवसातून तीसचाळीस वेळा."

"कोणी करायची?" मी विचारलं.

त्यांनी वहिनीकडे पाहिलं. "तुम्ही. तुमच्याकडे ते सगळ्यात जास्त धावतात. तुम्हाला बघून त्यांना काही वाटेनासं झालं, की मग कुणाचंच काही वाटणार नाही. पण कठीण आहे हं. भल्याभल्यांना जमत नाही, मध्येच हात जातो."

"मला जमेल," वहिनी म्हणाली.

आणि जमलं. पाटी बदलली, वस्तीला मी दारोदार जाऊन हात जोडले, आणि वहिनी चालायला लागली. सकाळी दहा फेऱ्या, एक पडदा शिवून झाला की पुन्हा पाच. कधी दादाच्या छत्रीसकट, कधी पावाची रिकामी कागदी पिशवी चुरगाळत. नजर समोर, हात खाली. पहिला आठवडा मास्तरीण कुंपणाच्या आतून तिच्या बरोबरीने चालायची. वहिनी वळली की तीही वळायची आणि वहिनी घरात शिरली की खिंकाळायची. मी दुकानातून जेवायला आलो की ते ऐकून मी हातातला घास ताटात ठेवायचो. वहिनी आमटी वाढत असायची.

नवव्या दिवशी सगळं जास्तच बिघडलं. तबेलेबाईंनी सांगितलंच होतं की सुधारायच्या आधी एकदा चेकाळतील. ढब्बूने वहिनीचा दंड दातात धरला. मी मागेच होतो, मी बोंब ठोकली. वहिनी तशीच उभी राहिली. ना ओरडली, ना वळली. त्याने कंटाळून सोडलं तेव्हा पुढे चालू लागली. घरी आल्यावर पाहिलं तर दंड काळानिळा झालेला.

"मारायचं होतं एक थोबाडीत!" मी म्हणालो.

"कशाला? दुखत नाहीये," ती म्हणाली, आणि त्याच हाताने मशीनचं चाक फिरवलं.

तिसऱ्या आठवड्यात ढब्बूने नाद सोडला. मास्तरीण जरा जास्त चिवट निघाली. ती लांबून उभी राहून बघायची, मग नुसतेच कान टवकारायची, आणि पाचव्या आठवड्यात तेही थांबलं. दोघं कुरणाच्या मध्यावर चरायचे. पायवाटेवरून वरात गेली असती तरी त्यांना पत्ता लागला नसता.

निरीक्षक दुपारी आले. सडपातळ, घाईतले. हुशार माणूस, येताना मुद्दाम ताजा पाव आणला होता. पिशवी वाजवत तीनदा गेले आले, एकदा तर कुंपणावरून हात आत घालून उभे राहिले. ज्या बाईंचं मनगट मोडलं होतं त्याही मुद्दाम आल्या आणि बिचकत का होईना, पार टोकापर्यंत चालून गेल्या. घोड्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. "असं मी पहिल्यांदाच बघतोय," निरीक्षक म्हणाले आणि तिथल्या तिथे कागदावर सही केली. घोडे राहणार होते.

मला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. मी वहिनीला म्हटलं, "चला, आज मशीन बंद!" ती हसली. खरंच हसली. मग कागद माझ्या हातात देऊन कुंपणाशी गेली आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा तिने हाक मारली.

"मास्तरीण."

घोडी वीसएक पावलांवर होती. चरत राहिली.

"अगं ए, मास्तरीण. ये. संपलं आता ते." वहिनीने हात लांब केला. "ये ना गं."

घोडीने मान वर केली, सरळ तिच्याकडे पाहिलं, तिच्यामागच्या भिंतीकडे जसं पाहिलं असतं तसं, आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "ही मला विसरली का हो?"

"छे, विसरते कसली! ओळखते म्हणून तर येत नाही," मी बोलून गेलो, आणि जीभ हासडून टाकावीशी वाटली.

वहिनी कुंपण धरून खाली बसली. आधी मला कळलंच नाही तो कसला आवाज आहे ते. ती दादाचं नाव घेऊन रडत होती, मोठमोठ्याने, चार महिन्यांचं एकदम. पायवाटेवरची माणसं थांबली, निरीक्षक अर्ध्या वाटेवरून परत फिरले. घोडे मात्र शिकवल्यासारखे चरत राहिले.