विमानाच्या तळव्याला काजळ

हसणार नाही अशी शपथ घेत असाल तरच सांगते. घेतली? बरं. मोडणार आहात हे मला माहीत आहे, पण निदान शेवटापर्यंत तरी टिकवा. आमच्या हिंगोलीतल्या जिनात त्या दिवशी जे झालं, त्यानंतर ओळखीच्या बायका मला बघितलं की तोंडाला पदर लावतात. आणि त्यांना वाटतं, मला काही कळत नाही!

तर आमचे हे कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मशीनवर असतात. माणूस शांत. पान नाही, तंबाखू नाही. पण कुठल्याशा इंग्रजी मासिकात यांनी विमानाचं चित्र बघितलं आणि डोकं कामातून गेलं. ते विमान म्हणे हातात मावेल एवढंच असतं आणि साहेब लोक खाली उभं राहून त्याला बिनतारी यंत्रानं फिरवतात. आमच्याकडे बिनतारी यंत्र एकच, सेठजींच्या बैठकीतलं, तेही गाणी ऐकायचं. मग यांनी ठरवलं, आपलं विमान रबरावर पळवायचं. पण पळवायचं असं, की बघणाऱ्याच्या डोक्यावरची टोपी जागेवर राहता कामा नये!

पतंगवाले करीमभाई यांचे दोस्त. त्यांनी बांबूच्या कामट्या तासून दिल्या, पतंगाचा कागद दिला, खळ दिली. सायकलच्या ट्यूबच्या बारीक पट्ट्या कापून रबर झालं; त्याला पीळ भरायचा, तो सुटला की मागचा पंखा फिरतो. ते पट्ट्यांचं रबर सुळसुळीत राहायला त्याला एरंडेल चोळायचं. एरंडेल कुठलं? आमच्या बाळूच्या पोटाचं! लेकराला द्यायला बाटली उपडी करावी तर थेंब नाही, आणि विमान मात्र चकचकीत!

"अहो, लेकराचं औषध हो ते!"

"अगं, याचंबी पोट साफ पाहिजे. त्याबिगर पळन काय?"

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर मी ते विमान चुलीत का नाही घातलं? घातलं असतं हो! पण मधे सेठजींचा शब्द आला. जिनात नवं तेलाचं इंजिन येणार होतं. ज्याच्या हातात इंजिन, त्याला इंजिनघराशेजारची खोली. सेठजींच्या मनात त्यांचा भाचा होता. पण विमानाचं त्यांच्या कानावर गेलं, आणि ते सगळ्यांसमोर यांना म्हणाले, "देखो भाई, ही तुमची चिडिया उडवून दाखवा. उडली तर इंजिन तुमचं. नाही उडली, तर माझा भाचा आहेच."

ती खोली मी बघितली होती. पत्र्याची, कोरडी ठणठणीत, दिवसभर ऊन. आणि आमची? भिंतीला हात लावला तर बोटं ओली. बाळू नुकता बसायला लागलेला, आणि त्याचा खोकला जाता जात नव्हता. तो खोकला की मी रात्रभर त्याला छातीशी धरून बसायचे. त्या दिवसापासून ते विमान माझंही झालं.

पहिल्यांदा जिनामागच्या पडीक रानात उडवलं. सुताराच्या गिरमिटाला आकडा लावून यांनी रबराला पीळ भरला, विमान सोडलं, आणि काय सांगू, सर्रकन गेलं! शेजारच्या गंगूकाकू कडेवर घागर घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "काय भारी केलं बाई! आसं तर आमी कुटं बघितलंबी न्हाई!"

झालं. दुसऱ्या दिवशी सोडलं तर बाभळीत.

हे म्हणाले वारं आडवं होतं. पण तुम्हीच सांगा, आदल्या दिवशी कुणाचे डोळे त्याच्यावर पडले होते?

यांचा नजर-बिजर असल्या गोष्टींवर विश्वास नाही. "मशीनला काहून नजर लागंल? मशीनला तोल लागतो," म्हणतात. त्यांना न सांगताच करायचं होतं. बाळूच्या तळव्याला मी काजळाचा ठिपका लावते, कुणाला दिसत नाही अशा जागी. मग विमानाचा तळवा कुठला? मी खूप विचार केला. चोच म्हणजे तोंड, पंख म्हणजे हात, तर शेपटाखालची बाजू म्हणजे तळवा. तिथं ठिपका लावला. विमान दुरुस्त होऊन परत उडालं, आणि परत पडलं. शेपटाची कामटीच तुटली.

म्हणजे नजर जबर होती! काजळानं भागणार नव्हतं. मग मी शेपटाचा कागद नखानं जरासा उचकला, आत काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा सारला आणि वरून खळ लावून बंद केलं. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

संध्याकाळी हे आणि करीमभाई अंगणात. पंखाखाली दोन बोटं धरून हे विमान तोलून बघत होते. विमान आडवं राहायला पाहिजे. ते आपलं शेपटावर बसत होतं.

"करीमभाई, कालपतुर बराबर होतं हो. आज मागं काहून जड झालं?"

"खळ ओली आसन. शेपूट सांधलं नव्हं का?"

"मंग पुढं मेण लावतो."

चोचीत मेण गेलं. विमान आडवं झालं. यांच्या जिवाला बरं वाटलं. माझ्या जिवाला मात्र नाही, कारण त्याच रात्री बाळू जास्तच खोकला आणि सकाळी गंगूकाकू परत कौतुक करून गेल्या! बाळूच्या उशाखाली मी लोखंडाचा अडकित्ता ठेवते. विमानात अडकित्ता कसा मावणार? म्हणून घोड्याच्या नालेचा एक खिळा मिळवला आणि बिब्ब्याच्या शेजारी नेऊन निजवला.

संध्याकाळी परत तोच तमाशा.

"अहो करीमभाई, हे शेपूट काय खाऊन राहिलं काय? वजन वाढूनच राहिलं!"

"हवा दमट हाये मियाँ. कागद पानी पीत आसन."

"कागद इतकं पानी पेतो?"

"आता पेतो म्हनल्यावर पेतो!"

मी चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. मला वाटलं, बघा, खिळ्यानं आणि बिब्ब्यानं गावाची नजर ओढून घेतली, म्हणून ते जड झालं. मला तर बरंच वाटलं! यांनी चोचीत परत मेण भरलं. एवढं भरलं की विमानाचं नाक सर्दी झालेल्या लेकरासारखं दिसायला लागलं.

आणि मग, सेठजींना दाखवायच्या आदल्या दिवशी, विमान उडालं! कसं उडालं म्हणता? रानावरून सरळ रेघ मारल्यासारखं गेलं, हळूच वळलं आणि गवतावर अलगद बसलं. करीमभाईंनी यांना मिठी मारली. यांनी विमान कपाटावर ठेवलं आणि मला बजावलं, "आता याला कुणी बोटबी लावायचं न्हाई. तोल बराबर जमलाय."

मी मान हलवली. अगदी मनापासून हलवली हो!

पण पहाटे बाळूला पाजताना आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सहज विचारलं, "आत्याबाई, नजर उतरवलेली वस्तू जवळच ठिवली तर काय होतं?"

"जवळ? आगं येडी का काय! नजर परत त्याच्यातून निघून घरात शिरती. तिठ्यावर टाकून यावं, न् माघारी वळून बघू न्हाई."

गावभरची नजर शेपटात कोंबून आम्ही ते विमान सेठजींच्या समोर न्यायला निघालो होतो! मी कपाटावरून विमान काढलं, शेपटाचा कागद उचकला, बिब्बा आणि खिळा दोन्ही काढले, खळ लावून कागद बसवला. जिनाच्या भिंतीपलीकडे तीन वाटांचा तिठा आहे, तिथं टाकून आले. माघारी बघितलं नाही. मला इतकं हलकं वाटलं!

विमानालाही वाटलंच असणार. पण ते तेव्हा माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

जिनाच्या आवारात सगळं गाव लोटलं होतं. सेठजी खुर्चीवर, डोक्यावर केशरी पगडी. शेजारी भाचा, हाताची घडी घालून. आम्ही बायका सरकीच्या ढिगाजवळ, बाळू आत्याबाईंच्या कडेवर. यांनी पीळ भरला, देवाचं नाव न घेताच विमान सोडलं (घेतलं असतं तर?), आणि विमान सुरकन निघालं, नाक खाली घातलं, आणि कापसाच्या ढिगात घुसलं!

लोक हसले. भाचा जास्त हसला.

"काल बराबर होतं, सेठजी," हे म्हणाले. तोंड उतरलं होतं.

"भाई, कल का उडणं कल गया. आज दाखवा."

परत पीळ. परत सोडलं. ह्या वेळी कापसात नाही गेलं. सरळ सेठजींच्या पगडीत! चोच रुतली ती रुतलीच, आणि वर पंखा भर्र फिरतोय! भाचा उपटायला धावला तर पगडीच सुटली.

सेठजी पगडी सावरत म्हणाले, "अब एक बार. आखिरी."

यांनी विमान दोन बोटांवर धरलं. ते नाकावर उपडं झालं. हे म्हणाले, "करीमभाई, आता पुढं जड झालं! रात्रीत झालं तरी काय?"

करीमभाई म्हणाले, "कागदानं पानी ओकलं आसन."

आणि तेव्हा, तेव्हा कुठं, माझ्या डोक्यात उजेड पडला. शेपूट कशानं जड झालं होतं, आणि आज कशानं हलकं झालं! डोळ्यांपुढं ती कोरडी खोली आली आणि तिच्या दारात भाचा उभा! मी पदर खोचला आणि सगळ्या पुरुषमाणसांसमोर ओरडले, "अहो, खिळा! शेपटातला खिळा मी काढला!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"कोणता खिळा?" हे म्हणाले.

"नालेचा! न् बिब्बा!"

"शेपटात बिब्बा? कुनी घातला?"

"मीच की!"

"मंग काढला कुनी?"

"मीच!"

"काहून?"

"नजर भरली होती!"

"काहून घातला होता मंग?"

"नजर लागू नये म्हणून!"

"थांबा, आणते," म्हटलं आणि फाटकातून पळत सुटले. मागून हे काहीतरी ओरडत होते. मला वाटलं, लवकर ये म्हणत असतील.

तिठ्यावर पोचले तर खिळ्यावर कुत्रं बसलेलं! एकतर टाकलेल्या वस्तूकडे वळूनही बघू नये, आणि मी ती उचलायला आलेली! पण बाळूचा खोकला कानात वाजत होता. "ऊठ रे बाबा, ऊठ राजा," कुत्र्याला म्हटलं. ते शेपूट हलवतं, उठत नाही. शेवटी पदरानं हात गुंडाळला, डोळे गच्च मिटले, त्याच्या पोटाखाली हात घातला आणि खिळा धरला.

तेवढ्यात मागून भर्र आवाज आला आणि माझ्या अंबाड्यात काहीतरी कचकन रुतलं!

"नजर! नजर बसली गं माय! मेले!" मी तिठ्यावर बसूनच गाव गोळा केलं. कुत्रं पळालं. खरं तर गाव आधीच येऊन राहिलं होतं, विमानाच्या मागं पळत. पुढं हे, त्यांच्या मागं करीमभाई, त्यांच्या मागं पगडी धरून सेठजी.

विमान उडालं होतं. आवार ओलांडून, भिंतीवरून, झकास. सगळ्या गावानं बघितलं. बघितलं नाही ते मी एकटीनं.

"पण... खिळा तर माझ्याजवळ हाय की हो," मी म्हटलं.

करीमभाई अंबाड्यातून विमान सोडवत म्हणाले, "वैनी, जिनात खिळ्यांची पोती पडून हायेत. त्यातला जड बघून एक घातला."

"तेच ओरडून राहिलो होतो मी," हे म्हणाले, "खिळा कोणताबी चालतो!"

मी मूठ उघडली आणि तो नजरेनं भरलेला खिळा हळूच तिठ्यावर परत ठेवला.

सेठजी शब्दाचे पक्के. इंजिन यांच्या हातात दिलं. आम्ही त्या पत्र्याच्या खोलीत राहायला आलो. बाळूचा खोकला आता बराच कमी आहे. पण चावी देताना सेठजींनी सगळ्यांच्या देखत एक अट घातली, "इंजिन तुमचं, खोली तुमची. पण तुमच्या मंडळींनी इंजिनाच्या जवळ यायचं नाही. बिलकूल नाही."

मी गेले नाही. शब्द म्हणजे शब्द. फक्त इंजिन सुरू व्हायच्या दिवशी गंगूकाकू ते बघून गेल्या, म्हणून मी आत्याबाईंना पाठवलं. इंजिनाच्या तळव्याला एक छोटासा ठिपका.

काजळाला काय वजन असतं हो?