अहल्याक्कांचा घट्ट हात

यशवंतपूरच्या अहल्याक्कांनी तीस वर्षांत एकसष्ट स्वेटर विणले होते, आणि बंगळूरला थंडी म्हणावी अशी थंडी पडतच नाही ही गोष्ट त्यांच्या कधीही आड आली नव्हती. डिसेंबरात पहाटे जरा गार वारं सुटलं, की इथली माणसं माकडटोप्या चढवून दुधाला बाहेर पडतात. एवढ्यावर अक्कांचं भागत होतं. नात्यात कुणाची साठी असो, मुंज असो की कुणी नुसतं शिंकलेलं असो, अक्कांच्या सुया चालू व्हायच्या.

त्यांच्या सासरची माणसं या गावात येऊन तीनशे वर्षं झाली होती. मराठी घरातच बोलायची, आणि तीही कन्नडचा सढळ हाताने मसाला घालून. वरच्या मजल्यावर पुण्याहून नवी भाडेकरीण आली, वीणा. नवरा कॉम्प्युटर कंपनीत, ती दिवसभर एकटी. अक्कांनी आठवड्याभरात तिला खाली बोलावून हातात सुया दिल्या. पुण्याची मराठी आणि यशवंतपूरची मराठी यांची पहिली ओळख सुलट-उलट टाक्यांवरच झाली.

सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात अक्कांच्या एकुलत्या एका मुलाला, सुशांतला, कंपनीनं वर्षभरासाठी अमेरिकेत पाठवायचं ठरवलं. गावाचं नाव अक्कांच्या तोंडात बसेना, पण थंडीचा आकडा बरोब्बर बसला. उणे पंचवीस! अक्कांच्या यजमानांनी, भीमसेनरावांनी, तो ऐकून वर्तमानपत्र मिटून ठेवलं. अक्कांनाही काळजी वाटली, नाही असं नाही. पण त्याच क्षणी त्यांना दुसरंही काही वाटलं, आणि ते आनंदाशिवाय दुसरं काही नव्हतं. तीस वर्षांत पहिल्यांदा घरातल्या कुणाला खरोखर स्वेटर लागणार होता.

मंगळवारी तिघी मल्लेश्वरमला लोकर घ्यायला निघाल्या. तिसरी राजलक्ष्मी, शेजारची, शाळेतून निवृत्त झालेली भूगोलाची बाई. मूळची कन्नड, पण तीस वर्षं अक्कांच्या ओट्यावर बसून मराठी शिकलेली. तिच्या मराठीत फक्त नरनारीचा पत्ता नसे. बसमध्ये वीणानं वहीत यादी केली: स्वेटर एक, टोपी एक, हातमोजे, पायमोजे, मफलर.

"मफलर दोन लिही," अक्का म्हणाल्या. "एक हरवेल. तो तसाच आहे."

पद्मनाभचं लोकरीचं दुकान आठव्या क्रॉसच्या, म्हणजे आठव्या आडरस्त्याच्या, तोंडाशी होतं. छतापर्यंत गुंडेच गुंडे, आणि खाली स्टुलावर पद्मनाभ. अक्का दिसताच तो उठून उभा राहिला. पुढचा अर्धा तास रंगावरून जुंपली. अक्कांना वांगी रंग हवा होता. वीणा म्हणाली, तिकडे तरुण मुलं गडद निळंच घालतात. राजलक्ष्मीनं पिवळाधमक गुंडा उचलला.

"हे घ्या. बर्फात हरवली तर लांबून दिसेल."

"कोण हरवली?"

"सुशांत."

"तो मुलगा आहे ग, राजलक्ष्मी!"

"मुलगा हरवत नाही काय?"

शेवटी निळ्यावर तह झाला. अक्कांनी बारा गुंडे बाजूला काढायला सांगितले आणि नेहमीप्रमाणे दहा नंबरच्या सुया मागितल्या. एवढ्यात शाळेतून सुटलेली रम्या दुकानात शिरली. रम्या म्हणजे अक्कांच्या थोरल्या दिरांची, जयसिंगरावांची, आठवीतली नात. हस्तकलेच्या तासाला लोकर हवी होती. तिच्या अंगात तांबडा स्वेटर होता आणि त्यावर पांढरं हरीण. हरणाचा मागचा एक पाय आखूड होता.

अक्कांनी तो पाय ओळखला. तो त्यांच्याच हातून आखूड झाला होता, सहा वर्षांपूर्वी, जयसिंगरावांच्या साठीला. जयसिंगराव सहा फूट उंच.

"रम्या, हा आजोबांचा स्वेटर ना ग?"

"हो, अज्जी. त्यांचं डोकंच जात नाही ना त्यात!" रम्या खुशाल सांगत सुटली. "तुमचे सगळे स्वेटर खालीच येतात. आजोबांचा आधी पप्पांना, पप्पांना होईना म्हणून माझ्या अण्णाला, मग मला. सुशांतकाकाचा तर आमच्या धाकट्या शौर्यला. तो पहिलीत आहे. आमच्याकडे कुणी नवीन जन्मलं की पप्पा म्हणतात, काळजी नको, काकूचे स्वेटर आहेत."

वीणा छताकडे बघू लागली. राजलक्ष्मीनं पर्स उघडून आत काहीतरी शोधायला सुरुवात केली. रम्याला आपलं काय चुकलं ते कळलं नाही. ती लोकर घेऊन निघून गेली.

"राजलक्ष्मी," अक्का म्हणाल्या, "तुला दिलेला हिरवा स्वेटर कुठे आहे?"

"आहे की. चांगली आहे."

"कुठे?"

"मिक्सरवर. अगदी मापात बसली, अहल्या. धूळ म्हणून लागत नाही."

अक्का पद्मनाभकडे वळल्या. तो बिचारा आधीच घामाघूम झाला होता. मग त्यानं सगळं सांगून टाकलं. अक्कांचा हात घट्ट. टाका घातला की त्या दोरा खेचतात, पुन्हा खेचतात, मग पुढचा टाका. हे त्यानं पहिल्या वर्षीच त्यांनी दाखवायला आणलेल्या नमुन्यावरून ओळखलं होतं. सुईचा नंबर जितका लहान तितकी सुई जाड, आणि जाड सुईनं टाका सैल पडतो, म्हणून अक्का दहा नंबर मागायच्या आणि तो आठ द्यायचा.

"सुईवर नंबर असतो, पद्मनाभ. मला दिसला नसता काय?"

"तो मी घासून काढतो, अक्का. पॉलिशपेपरनं." त्यानं मान खाली घातली. "तरी पुरत नाही."

अक्का तरातरा बाहेर पडल्या. लोकर तिथेच राहिली. दोघी त्यांच्यामागे धावत कोपऱ्यावरच्या हॉटेलात शिरल्या आणि राजलक्ष्मीनं दोन कॉफ्या तीन कपांत वाटून मागितल्या. अक्कांनी आपल्या कपाला हात लावला नाही. त्यांना फार राग आला होता. पण राग नक्की कुणावर, हे ठरत नव्हतं, आणि त्याचा त्यांना आणखी राग येत होता.

"तीस वर्षं! एकालाही तोंड नव्हतं काय सांगायला?"

"तू सांगू देते काय?" राजलक्ष्मी म्हणाली. "मी एकदा म्हटले, स्वल्प तंग आहे. तू म्हणाली, तू जाड झाली आहेस."

वीणाला हसू फुटलं. तिनं ते कॉफीत बुडवायचा प्रयत्न केला आणि ठसका लागून सगळ्या हॉटेलला कळवलं. अक्का मात्र हसल्या नाहीत.

"सुशांतनंही नसता घातला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गुणी पोरगा आहे. मस्त झालाय म्हणाला असता, पाया पडला असता, बॅगेत घालून नेला असता. आणि तिकडे उणे पंचवीसमध्ये तो कुडकुडतोय आणि माझा स्वेटर बॅगेत. मी इथे सगळ्यांना सांगत सुटले असते, माझ्या मुलाला मी विणलेला स्वेटर आहे म्हणून."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वीणानं त्यांचा हात धरला.

"अक्का, अजून चार आठवडे आहेत. तुमचा हात घट्ट, तर माझा इतका सैल आहे की मी विणलेल्या मफलरातून मांजर आरपार गेलं. रोज चारला बसू. तुम्ही दोरा खेचलात, की मी टोकीन."

"टोकून ती ऐकत नाही," राजलक्ष्मी म्हणाली. "माझी शाळेची पट्टी आहे अजून."

अक्कांनी डोळे पुसले, कॉफी एका घोटात संपवली, आणि तिघी पुन्हा दुकानात गेल्या. बारा गुंडे तसेच बाजूला होते. "दहा नको," अक्का ताठ मानेनं म्हणाल्या. "आठ दे. आणि घासू नकोस." पद्मनाभनं सुया कागदात गुंडाळून दिल्या.

मग महिनाभर अक्कांच्या ओट्यावर जे चाललं त्याला विणकाम म्हणावं की शाळा, हे गल्लीला कळेना. अक्कांनी दोरा खेचला की मनगटावर पट्टी. राजलक्ष्मीला चाळीस वर्षांच्या नोकरीत एवढा आनंद झाला नसेल. नमुन्यात एकशे दहा टाके होते. अक्कांनी आपला हात ओळखून वीस वाढवले. वीणानं, अक्का चहा करायला आत गेल्या असताना, हळूच आणखी दहा चढवले. आणि पद्मनाभनं सवयीनं आठाऐवजी सहा नंबरच्या सुया दिल्या होत्या. नंबर घासलेलाच होता, पण अक्कांना वाटलं, हा ढीग त्यानं आधीच घासून ठेवला असेल.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सुशांतनं स्वेटर घातला. डोकं गेलं. कानसुद्धा न लागता गेलं. खांदे कोपरांपर्यंत उतरले, बाह्यांतून हात शोधावे लागले, आणि खालची पट्टी गुडघ्यांवर येऊन थांबली. भीमसेनराव उगाच चष्मा पुसू लागले.

"मस्त झालाय, आई," सुशांत म्हणाला.

"खरं बोल."

सुशांतनं वडिलांकडे पाहिलं. त्यांच्याकडून काही मदत मिळण्यासारखी नव्हती. "मोठा आहे," तो म्हणाला. "खूपच मोठा आहे, आई."

अक्का खाली बसल्या. आता उसवायला वेळ नव्हता. सुशांतनं स्वेटर घडी करून बॅगेत ठेवला, आणि तो बॅगेत जाताना पाहून त्यांना रात्रभर झोप लागली नाही.

जानेवारीच्या शेवटी पाकीट आलं. पत्र चार ओळींचं होतं, सोबत एक फोटो. पांढऱ्याशुभ्र बर्फात सुशांत उभा. आत शर्ट, त्यावर कंपनीनं दिलेला जाडजूड कोट, आणि त्या कोटावरून निळा स्वेटर, गळ्यापाशी अगदी नीट बसलेला. पत्रात लिहिलं होतं: "इथे सगळे कोटाच्या आत स्वेटर घालतात. माझा बाहेरून जातो. वारा शिरत नाही. रोज घालतो."

वीणा आणि राजलक्ष्मी फोटोवर डोकी लावून वाकल्या. भीमसेनरावांनी फोटो हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला. तीस वर्षांची सवय अशी सहज सुटते थोडीच.

"अगदी मापात बसलाय हं," ते म्हणाले.

"खोटं बोलू नका," अक्का म्हणाल्या, आणि फोटो त्यांच्या हातातून काढून घेतला. "मोठा झालाय. पण घातलाय."