सर्व्हररूममधली एक्स-रेवाली

माझी मोठी जाऊ आणि मी एकाच इस्पितळात कामाला. मी ऑपरेशन थिएटरच्या टेबलावर, कुणाला किती वाजता आत घ्यायचं ती यादी सांभाळते. ती तळघरात, सर्व्हरच्या खोलीत. घरी ती मोठी म्हणून हुकूम सोडते, इस्पितळात मी तिला जुमानत नाही, असं आमचं बरं चाललेलं असतं.

तिचं मूळ काम एक्स-रे काढण्याचं. डिप्लोमा झाल्यावर बावीस वर्षं तेच केलं, त्यातली पहिली कित्येक अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्यात गेली. मग फिल्म गेल्या. सगळे फोटो कॉम्प्युटरवर आले आणि ते साठवायला, ज्याचे त्याच्या नावावर लावायला, डॉक्टरांपर्यंत पोचवायला माणूस हवा झाला. जाहिरातीत होतं, कॉम्प्युटरची पदवी, नाहीतर एक्स-रेचा अनुभव आणि वर कॉम्प्युटरचा कोर्स. बाईसाहेब स्वतःच्या लेकीच्या वयाच्या पोरांशेजारी बसून दीड वर्ष नेटवर्किंग शिकल्या. पहिल्या परीक्षेत आपटली, तेव्हा घरात दोन दिवस कुणी तिच्यासमोर तोंड उघडलं नाही. दुसऱ्यांदा सुटली.

मुलाखतीत कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांनी विचारलं, या सर्व्हरला हात लावतील की घाबरतील? ती म्हणाली, फोटो इथून तिथे कसा जातो ते तुमची पोरं सांगतील, फोटो चुकलाय हे मी सांगेन. त्यावर तिला, सहा महिने काम बघून मग कायम करायचं, या बोलीवर घेतलं. मला ते बोलणं तेव्हाच जरा जास्त वाटलं होतं, पण मोठ्या जावेला कोण सांगणार?

सहा महिने भरायला नऊ दिवस उरले होते. सकाळी एक्स-रे विभागातून तिला फोन आला. छातीचा फोटो काढताना डावी-उजवी दाखवणारं शिशाचं अक्षर ठेवायचं राहिलं होतं, आणि फोटो उलटा आल्यासारखा दिसत होता. तिने उघडून पाहिला. हृदय उजव्या बाजूला. पालथ्या पडलेल्या फिल्म तिने शेकड्यांनी पाहिलेल्या, अगदी अशाच दिसायच्या. तिने एका क्लिकमध्ये फोटो सुलटा केला, बाजूचं अक्षर टाकलं आणि पुढे पाठवला. हृदय डावीकडे आलं. त्याबरोबर एका फुफ्फुसाभोवती साचलेलं पाणीही डावीकडे आलं. एखाद्या पदवीवाल्या पोराच्या हातून हे झालं नसतं, कारण त्याला त्यात काही खटकलंच नसतं.

अकराच्या सुमारास त्या पेशंटच्या बायकोने जुन्या दवाखान्यातली सीडी आणून दिली. ती सर्व्हरवर चढवणं जाऊबाईंचंच काम. तीन वर्षांपूर्वीचा छातीचा फोटो, अक्षर जागच्या जागी, आणि हृदय उजवीकडे. सोबतच्या रिपोर्टात लिहिलं होतं, जन्मापासून असंच.

माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"पाणी काढायला छातीत नळी घालायचा पेशंट आत गेला?"

"दहा मिनिटं झाली."

"थांबव त्यांना. पाणी उजवीकडे आहे. फोटो मी उलटा केलाय."

नऊ दिवस माझ्या डोक्यात होते. मी म्हटलं, "टेक्निशियनने सांगितलं म्हणून केलास ना?"

"मी केलाय. धाव."

थिएटरच्या दारातल्या लाल पट्टीपुढे बाहेरची चप्पल न्यायची नाही, हे मीच दिवसभर सगळ्यांना ओरडून सांगते. मी चपलेसकट आत घुसले. पेशंटच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलायचं त्राण नाही. डावी कूस पुसून, बधिर करून तयार होती आणि सर्जनच्या हातात पातं होतं. डाव्या बाजूचं फुफ्फुस म्हणजे त्या माणसाचं धड चालणारं एकमेव फुफ्फुस. मी म्हटलं, थांबा, बाजू चुकली आहे. सर्जनने मान वर न करता विचारलं, कोण म्हणतं? माझ्या तोंडून निघालं, "माझी जाऊ."

कुणी हसलं नाही. सर्जन म्हणाले, छाती ऐकली तेव्हा दोन्हीकडचा आवाज अस्पष्टच वाटला होता. त्यांनी पातं खाली ठेवलं आणि सोनोग्राफीचं छोटं मशीन मागवलं. ते येईपर्यंतची चार मिनिटं मी भिंतीला टेकून उभी होते. डावी बाजू कोरडी निघाली. उजवी गच्च भरलेली.

नळी उजवीकडून घातली, माणूस वाचला. जाऊबाईंनी कुणी मागायच्या आत झाला प्रकार लिहून दिला, पहिल्या ओळीत स्वतःचं नाव घालून. मी तिच्यावर चिडले होते आणि मला तिचा अभिमानही वाटत होता. साहेबांनी तिला काढलं नाही. बोली आणखी सहा महिन्यांनी वाढवली. अक्षर नसलेला फोटो यापुढे फिरवायचा नाही, पुन्हा काढायचा, असा नियमही लावला. तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन वॉर्डात गेली. पेशंट बस चालवणारा, पन्नाशीचा, आता उशीला टेकून बसलेला. तिने सगळं सांगून माफी मागितली.

"माझं हृदय उजवीकडे आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे, बाई," तो म्हणाला. "एक्स-रेच्या वेळेला तेवढं बोलताही येत होतं. कुणी विचारलंच नाही."

जाऊबाईंचे डोळे भरून आले. "वर एक्स-रेला होते तेव्हा मी प्रत्येकाला विचारायचे," ती म्हणाली. "खाली गेल्यापासून मी एकही पेशंट पाहिला नव्हता. तुम्ही पहिले."