हिराजीकाकांचे तळहात

कार्ब्युरेटर लावायचा, म्हणजे ट्यून करायचा असला की हिराजीकाका मोटारसायकलच्या मागे पाट टाकून बसत, डोळे मिटत आणि दोन्ही तळहात दोन सायलेन्सरच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरत. इंजिन चालू असे. नवं गिऱ्हाईक हमखास विचारी, "काका, गाडीला आशीर्वाद देताय काय?"

"नाडी बघतोय. गप स्क्रू फिरव."

स्क्रू गिऱ्हाइकानेच फिरवायचा, हा त्यांचा नियम. अष्टमी गावात पुलाजवळ त्यांचं गॅरेज होतं. पत्र्याचं छप्पर, समोर एक बाक. हाताखाली माणूस त्यांनी कधी ठेवला नाही. म्हणायचे, "ज्याची गाडी त्याचा हात लागला पायजे. मंग तो तिला शिव्या देत नाय."

माझी गाडी वडिलांची. जुनी टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरची, दोन कार्ब्युरेटरची. मी धाटावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते आणि महिन्यातून दोनदा पेणला माहेरी जाते, त्याच गाडीवर. अशा गाडीत दोन्ही सिलिंडरनी सारखा जोर लावला तरच ती पळते. एक पुढे, एक मागे झालं की थरथरते, तापते आणि शेवटी एक बाजू जळते. काका सांगायचे, "एका बैलानं वढलं तरी गाडी चालते गो बाय, पन जू मोडतं." दोन्ही तळहातांना सारखी फुंक लागली की लावणी जमली. त्यांच्याकडे मीटर नव्हता. "कान फसवतो," ते म्हणत, "हात नाय फसवत."

ते मूळचे पेणकडच्या खाडीकाठचे, मिठागरावर राबणाऱ्या घरातले. लहानपणापासून मीठ ओढून तळहात दगडासारखे झाले होते. तरी त्या हातांना सायलेन्सरच्या फुंकेतला केसाएवढा फरक कळायचा. एकदा धाटावच्या एका ऑपरेटरला गाडी आणखी जोरात पळवायची होती. पेट्रोल कमी सोडायला काकांनी नकार दिला, तर त्याने घरी स्वतःच पेट्रोल सोडणारा जेट बारीक भोकाचा बसवला. तिसऱ्या दिवशी खांब गावाहून तो गाडी टेम्पोत घालून घेऊन आला. पिस्टन जाम. काकांनी त्याला बाकावर बसवलं. चहा मागवला आणि म्हणाले, "तहानलेलं जनावर पळतं रे, पन किती पळंल?"

मला सगळं लिहून ठेवायची सवय. गाडीचीही एक छोटी वही होती: तारीख, किलोमीटर, डावा स्क्रू किती फेरे, उजवा किती. काका चिडवायचे, "पत्रिका जुळवतेस का गो, डाव्या-उजव्याची? किती गुण जुळले?"

"छत्तीस," मी म्हणायची.

"छत्तीस जुळलेली पन भांडतात."

तीन वर्षांपूर्वी गाडी खरोखरच भांडायला लागली. काकांनी लावून दिली की दुसऱ्याच दिवशी भिसे खिंडीच्या चढाला हँडल थरथरायचं. डावा सायलेन्सर उजव्यापेक्षा जास्त तापायचा. मी परत न्यायची, काका परत पाटावर बसायचे, म्हणायचे, "डावा अजून हळू हाय. थोडा उघड." मी उघडायची. चौथ्या खेपेला त्यांनी मान हलवली. "डाव्या सिलिंडरात जोर ऱ्हायला नाय. इंजिन खोलायला लागंल."

त्याच दिवशी त्यांच्या डाव्या करंगळीखाली मला मोठा फोड दिसला. "काका, हे कधी भाजलं?"

"कवा भाजलं, कळलं पन नाय," ते म्हणाले आणि हात पुसायला लागले.

घरी आल्यावर मी वही उघडली. उजवा स्क्रू वर्षभर जागचा हलला नव्हता. डावा पाव फेरा, मग अर्धा, मग पाऊण, असा उघडत गेला होता. इंजिन झिजलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण दोन दिवसांनी कंपनीच्या पार्किंगमध्ये तशीच दुसरी गाडी उभी होती. तीही काकांनीच लावलेली. मी मालकाला विचारलं. "डावी बाजू त्रास देतेय," तो म्हणाला. "म्हाताऱ्याचा हात गेला आता, मॅडम. पुढच्या वेळी पेणला दाखवणार." दोन गाड्यांची एकच बाजू एकदम झिजत नाही. आणि हे बोलणं शिफ्टच्या बसमध्ये पोचलं असतं, तर चाळीस वर्षांचं नाव महिनाभरात संपलं असतं.

रविवारी सकाळी गेले. इंजिन खोलायला काकांनी पाने मांडून ठेवले होते. मी वही पुढे केली, दुसऱ्या गाडीचंही सांगितलं. माझी वाक्यं ठरवून नेलेली होती, पण निम्मी विसरले. काकांनी डाव्या स्क्रूच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "चालू कर."

मी गाडी चालू केली. ते पाटावर बसले, डोळे मिटले, तळहात धरले. "डावा हळू." मग त्यांनी डोळे न उघडता हात एकमेकांवरून ओलांडले. आता डावा तळहात उजव्या सायलेन्सरपुढे होता आणि उजवा डाव्यापुढे. मी गाडीच्या टाकीवर हात ठेवून उभी होते.

"आता उजवा हळू," ते म्हणाले.

पुन्हा सरळ केले. पुन्हा ओलांडले. मग स्वतः उठून त्यांनी गाडी बंद केली.

"गाडी बरी हाय गो. मीच बिघडलोय."

मला वाटलं, आता म्हणतील, कुणाला सांगू नको. मी सांगितलंही नसतं. ते बाकावर बसले, डावी मूठ उघडमीट करत. मग म्हणाले, "वही काढ. वरसभरात ज्या ज्या गाड्या लावल्या, त्यांची नावं लिव. कोनाचं इंजिन जळायच्या आत बोलवायला पायजेत."

एकोणीस नावं झाली. सगळ्यांना मी फोन केले. काकांनी मला वाक्य सांगून ठेवलं होतं: "हिराजीचा हात चुकला, गाडी घेऊन या." मी ते जरा मऊ करून सांगायला लागले तर शेजारून ओरडले, "चुकला म्हन. गाडीची चूक नाय."

पुढच्या आठवड्यात मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. मनगटात नस दबली होती आणि रक्तातली साखर भलतीच वाढलेली होती. पायाच्या बोटांनाही जाणीव कमी होती. "जखम झाली असती तर कळलीही नसती, वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले. मी गोळ्यांचा तक्ता करून गॅरेजच्या पत्र्यावर चिकटवला. काका म्हणाले, "आता माजी पत्रिका."

गॅरेज त्यांनी बंद केलं नाही, जागा बदलल्या. गिऱ्हाइकाने पाटावर बसायचं, स्क्रू काका उजव्या हाताने फिरवणार. "माजा हात मेलाय, तुजा जिता हाय. बस. डोळं मिट. कोनचा हळू?" उत्तर आलं की लगेच, "आता हात उलटे कर. अजून तोच हळू?" कुणी विचारलं, हे कशाला, तर सांगायचे, "हात पन फसवतो. त्याला दोनदा इचारायचं." एकोणिसांतली सतरा गिऱ्हाइकं त्यांच्याकडेच राहिली. पार्किंगमधला तोही.

मागच्या वर्षी काका गेले, झोपेतच. पाट काकींनी मला दिला. मी नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "नेय गो, हितं कोन बसनार त्याच्यावर?"

आता गाडी लावायची असली की अंगणात मी पाटावर बसते आणि माझा नवरा स्क्रू फिरवतो. तो शाळामास्तर, त्याला घाई.

"झालं का सारखं?"

"सारखं वाटतंय."

"मग बंद करू?"

"थांब," मी म्हणते, आणि हात ओलांडते.