कपाटावरचं खोकं

परवा मोबाईलवर एक बाई सांगत होती, पळणाऱ्या माणसाकडे काय काय असायला पाहिजे. पावसातला बूट वेगळा, डांबरीवरचा वेगळा, घाम न धरणारे मोजे, छातीचे ठोके मोजणारं घड्याळ, कमरेला बांधायचा पाण्याचा पट्टा. बोलताना गोड हसत होती. मी भाकरी थापत ऐकत होते, आणि ऐकता ऐकता माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगं बाई, पट्टा राहू दे तुझा! बूट आणल्यावर ते घरात कुणाच्या ताब्यात देऊ नयेत, ते सांग आधी. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा कुठं मी मोबाईल पालथा घातला.

माझं माहेर जामखेड तालुक्यातलं, रस्त्याला लागून असलेलं गाव. आमच्याकडं पोरगी बारावी झाली की दोनच रस्ते असतात, लग्न नाहीतर भरती. मी म्हटलं भरती. पोलिसात जायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका शब्दानं नको म्हणाले नाहीत, उलट पारावर सगळ्यांना सांगत सुटले. त्यामुळं गावातली अर्धी माणसं मी पळताना बघायला पहाटे उठायची, आणि उरलेली अर्धी बोलायला.

मैदान कुठलं आलंय? डांबरी रस्त्याच्या कडेच्या मुरमावरून पळायचं. पायात शाळेतले पांढरे कॅनव्हासचे बूट, तेही अंगठ्याला फाटल्यावर अनवाणीच. खरं सांगते, अनवाणी मी भन्नाट पळायचे. आणि एक वस्तू अशी, जिचं नाव आमच्या घरात कुणी काढत नाही. पोरींना पळताना छाती घट्ट धरून ठेवणारं काहीतरी आतून लागतं, हे बापाला कोण सांगणार? दुकानात गल्ल्यावर बाप्या बसलेला. मी दोन जुन्या एकावर एक घालायचे, वरून ओढणी आवळून बांधायचे. पुरता श्वाससुद्धा घेता यायचा नाही. वर पारावरची माणसं म्हणणार, पोरगी लवकर दमती. तुम्ही बांधा ओढणी आणि पळा की जरा, मग बोला!

मैदानी चाचणीला दोन महिने असताना अण्णा नगरला गेले आणि बूट घेऊन आले. निळे, हलके, हातात धरले तर वजनच लागू नये असे. मी हरखून गेले. पायात घालून अंगणात दोन उड्या मारल्या, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "बास, बास. काढ आता. भरतीला घालायचेत."

"अण्णा, सरावाला नको का?"

"सरावाला झिजवतीस व्हय? आन् भरतीला काय झिजके बूट घालून जातीस? चार तालुक्याची पोरं येत्यात तिथं."

आईनं बुटांना हळदीकुंकू लावलं, परत कागदात गुंडाळलं, खोक्यात घातलं आणि खोकं लोखंडी कपाटावर ठेवलं. तिथं आमच्या घरातल्या सगळ्या चांगल्या वस्तू असतात. पाहुण्यांचे कप. माझ्या मामानं दिलेली चादर, जिची घडी अजून मोडलेली नाही. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिकसुद्धा आमच्याकडं काढत नाहीत, रिमोट बंद पडतो पण प्लास्टिक तसंच. चांगली वस्तू चांगल्या दिवसाला, हा आमच्या घरचा कायदा. तो कायदा कुणी केला त्याला एकदा माझ्यासमोर उभं करा.

आणि हेच अण्णा! नवी कातडी वहाण आणली की तिला एरंडेल चोपडून आठवडाभर ओट्यावर घालून फिरणार, कारण नवी वहाण चावते. लग्नाला जायच्या आधी ती मऊ झाली पाहिजे. वहाणेचं कळतं. मग बुटाचं का कळू नये? तर म्हणे बूट महागाचा आहे, कापडाचा आहे, तो कशाला चावतोय. मी रोज पहाटे त्या खोक्याखालून अनवाणी बाहेर पडायचे.

भरतीचा दिवस आला. आईनं हातावर दही घातलं, अण्णांनी स्वतःच्या हातानं नाड्या बांधल्या. मैदानावर छातीवर नंबर लावला, आणि बुटाच्या नाडीत एक चिप ओवून दिली. ती चिप रेषेवरून गेली की तुमची वेळ आपोआप नोंदली जाते. आठशे मीटर, म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या.

पहिल्या अर्ध्या फेरीत मी पुढं होते. खोटं नाही सांगत, पुढंच होते. मग उजवी टाच पेटली, नंतर डावी. बुटाची मागची कड टाचेत घुसत होती, विळ्यानं कापावं तशी. पहिली फेरी संपता संपता मोजा ओला झालेला कळला. काढून फेकावेत आणि अनवाणी पळावं, वर्षभर पळाले तसं! पण चिप बुटात. बूट फेकला तर वेळ कुणाची लागणार? म्हणून तशीच पळाले. एकेक पोरगी मला मागं टाकून जात होती, मी दात-ओठ खात होते आणि मनात अण्णांना शिव्या देत होते. होय, शिव्या. बापाला.

मार्क गेले. यादी लागली तेव्हा मेरिट थोडक्यात हुकलं. लेखीत मी चांगली होते, गोळाफेकीत चांगली होते, टाचांनी घात केला. गावात एकेकाची तोंडं सुटली. पोरीची जात, दमली असंल. नशिबात नव्हतं. मी त्या दिवसापासून तसेच ठेवलेले रक्ताळलेले मोजे अण्णांपुढं टाकले आणि म्हटलं, बघा. अण्णांनी बघितलं, बूट हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, "एक नंबर बारीक आला गं." झालं! एवढाच निष्कर्ष. पुढची भरती निघायची वाट बघता बघता माझं लग्न लावून दिलं. नवरा माणूस बरा आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण रस्त्यावर खाकीतली बाई दिसली की माझा घास अजून कडू होतो.

आता धाकटी बहीण तयारीला लागलीय. माझ्याहून चपळ आहे. तिची मैदानी चाचणी तोंडावर आलीय म्हणून मागच्या आठवड्यात मी माहेरी गेले. तिच्यासाठी ते आतलं घट्ट कापड मी मोबाईलवरून मागवलं होतं, ते पिशवीत साडीखाली दडवून नेलं. तिनं ते घालून बघितलं, जागच्या जागी उड्या मारल्या आणि म्हणाली, "ताई, काहीच हलंना की गं!" दोघी खूप हसलो. आणि हसता हसता माझी नजर वर गेली.

कपाटावर खोकं होतं. नवं. त्याच्यावर हळदीकुंकवाची बोटं.

मी काही विचार केला नाही. स्टूल ओढलं, खोकं खाली घेतलं आणि बाहेर ओट्यावर आदळलं. अण्णा बाजेवर बसले होते. "हे काय हाय?" मी म्हटलं.

"बूट हायेत. तुझ्या टायमाला बारीक झाले हुते, म्हणून हिला एक नंबर मोठा आणलाय."

बापरे! मला वाटलं मी तिथंच फुटते. एवढी वर्षं हा माणूस माझं नुकसान एका नंबरात मोजत बसला होता. मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. तुमच्या कपाटानं माझी नोकरी खाल्ली, एवढं आठवतंय. रिमोटचं प्लास्टिक, मामाची चादर, सगळं काढलं. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या, त्यांनाही म्हटलं, या की आत, नीट ऐकू येईल. आई म्हणत होती, "अगं हळू, बापाशी बोलतीस तू." मी म्हटलं, बापाशीच बोलतेय, दुसऱ्याशी कशाला बोलू! धाकटीला बूट घातले आणि तिला नांगरलेल्या रानातून पाठवलं. ढेकळं, धूळ, पाटाचं पाणी, सगळ्यातून. आई कळवळली, "नवेकोरे गं, नवेकोरे!" धाकटी चिखलानं भरून आली, टाच लाल झाली होती. होऊ दे. आज होऊ दे, त्या दिवशी नको.

अण्णा रात्री जेवले नाहीत.

सकाळी उठून बाहेर आले तर अंगणात अण्णा फेऱ्या मारत होते. चालणं विचित्र, पाय आखडून. बघते तर पायात धाकटीचे बूट. त्यांची भेगाळलेली टाच आत मावेना, म्हणून बुटाची मागची कड दाबून, घासत घासत चालत होते.

"अण्णा! काढा ते! कड मोडंल त्याची!"

"सैल करतोय गं. वहाण करतो तसं. चावलं न्हाई पायजे तिला."

"तुमच्या पायानं सैल होऊन काय उपेग? तिच्याच पायानं व्हायला पायजेत. तुमाला कुणी सांगितलं हे शानपन?"

ते ओट्यावर बसले. एक बूट काढला, हातात धरला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझे तवा रोज घालू दिले असते, तर तू लागली असतीस का गं पोलिसात?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला. आई कान देऊन उभी असणार. मला माहीत होतं तिला काय हवंय. मी म्हणावं, जाऊ द्या अण्णा, नशीब असतं एकेकाचं. कुठल्याही लेकीनं तेच म्हटलं असतं. माझ्याही ओठावर आलं होतं.

"व्हय," मी म्हटलं. "लागले असते."

अण्णांनी मान हलवली. दुसरा बूट काढला, उपरण्यानं दोन्ही आतून पुसले, दाबलेली कड बोटांनी उभी केली. मग घराकडं तोंड करून धाकटीला हाक मारली, "ए, उठ. बूट घाल आन् पळ." ती डोळे चोळत आली तेव्हा त्यांनी नाड्या बांधायला हात पुढं केला, पण मग मागं घेतला. म्हणाले, "तुझ्या तू बांध. तुला कळतंय कुठं घट्ट व्हतंय ते."

ती गेल्यावर त्यांनी रिकामं खोकं चुलीपाशी नेऊन टाकलं.